आधी स्क्रीन, मग कार्ड

मागच्या अंकात या सदरात डिझाइनच्या कामासाठी असेंबल पीसी कसा करावा यावर थोडं लिहिलं होतं, त्यात एक वाक्य होतं की "ग्राफिक कार्ड शेवटी घ्या, नाही घेतलं तरी चालतंय". त्यावरून सांगली, मिरज, सातारा, कराड सगळीकडून प्रश्न आलेत, दोघंतिघं चिडलेत पण. सगळे छापता येत नाहीत, ज्यांची अडचण चारचौघांची आहे तेवढे घेतलेत. आणि एक आधीच सांगतो, पार्टच्या किंमती रुपयात लिहिणार नाही. २०२५ च्या दिवाळीपासून रॅमचा भाव सोन्यासारखा रोज बघायची वेळ आलीय, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचललाय आणि आपल्यापर्यंत येतंय ते महाग येतंय. आज लिहिलेला आकडा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत खोटा ठरायचा.

प्रश्न : नमस्कार सर. मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ राहते. हळद, चटणी, मसाल्याच्या पाऊचची आणि लेबलची डिझाइन्स करून देते, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप वापरते. आत्तापर्यंत जुन्या लॅपटॉपवर भागवलं, आता तो पार थकलाय. एका दुकानात ६० हजारांचं कोटेशन दिलं, त्यात गेमिंग कॅबिनेट, लाईटवाली रॅम, ८ जीबीचं ग्राफिक कार्ड, आणि मॉनिटरचं विचारलं तर "तो बसवून देतो की" म्हणाले. घ्यावं का? आणि माझं नेहमीचं दुखणं म्हणजे स्क्रीनवरचा पिवळा आणि छापून आलेला पिवळा कधी जुळतच नाही. नवीन कॉम्प्युटरनं ते जाईल का?

उत्तर : ताई, दुकान बदलू नका, यादी बदला. त्या कोटेशनमध्ये सगळ्यात महाग काय तर कार्ड, आणि ज्याच्यावर कोणी चार शब्दसुद्धा बोललं नाही ते काय तर मॉनिटर. "बसवून देतो" म्हणजे गोडाऊनमध्ये पडलेला कुठला तरी. तुमच्या कामाला बरोब्बर याच्या उलटं पाहिजे.

माझं सांगतो. पहिल्यांदा स्वतः पीसी जोडला तेव्हा मलाही वाटलेलं की ग्राफिक्सचं काम म्हणजे ग्राफिक कार्ड, नावातच आहे की. निम्मे पैसे कार्डात घातले आणि मॉनिटर उरल्यासुरल्यात बसेल तो घेतला. त्यावर एका हळदवाल्यांचं लेबल केलं. पिवळा स्क्रीनवर कसा फिकट, लिंबासारखा दिसत होता, म्हणून मी त्यात मॅजेंटा, म्हणजे छपाईतली गुलाबी-तांबडी शाई, वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि एकदाची हळदीसारखी हळद दिसली तिथं थांबलो. पाच हजार लेबलं छापून आली, गठ्ठ्याची सुतळी सोडली तर आत सगळं भगवं. हळदवाले काका रागावले नाहीत, लेबल उजेडाकडं धरून एवढंच म्हणाले, "हळद वारीला निघाली काय हो?" छपाईचे पैसे मी भरले, ते कार्ड मात्र शेवटपर्यंत गाणी लावायच्या कामाला आलं.

झालं होतं काय, तर तो मॉनिटर निळसर होता. स्वस्तातला मॉनिटर दुकानात चकचकीत दिसावा म्हणून कारखान्यातनंच बऱ्याचदा निळसर आणि फुल ब्राइट लावून येतो. निळ्या उजेडात पिवळा मरतो, आणि त्या मेलेल्या पिवळ्यात जीव आणायला आपण तांबडा घालत बसतो. कागदावर तो निळा उजेड नसतो, तांबडा तेवढा उरतो. तुमचं दुखणं बहुतेक हेच आहे, लॅपटॉपच्या साध्या पॅनलवर तर आणखी, नुसतं मान वरखाली केली तरी रंग बदलतो.

म्हणून ६० हजारातला चौथा हिस्सा आधी मॉनिटरला बाजूला काढा, मग बाकीचं. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा), आणि बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर "एसआरजीबी ९९ टक्के" किंवा "१०० टक्के" असं लिहिलेलं पाहिजे. एसआरजीबी म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं नेहमीचं माप. "१.६७ कोटी रंग" लिहिलंय यावर जाऊ नका, ते जवळपास प्रत्येक मॉनिटरवर लिहिलेलं असतं, रंगाच्या पायऱ्या किती एवढंच त्यातनं कळतं, रंग किती लांबपर्यंत जातो ते नाही. काही ठिकाणी एनटीएससी या दुसऱ्या मापात लिहितात, तिथं ७२ टक्के म्हणजे साधारण एसआरजीबीच्या जवळ, आणि ४५ टक्के दिसलं की हात जोडून पुढं. १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ हे गेम खेळणाऱ्यांसाठी, फुकट मिळालं तर घ्या, त्याच्यासाठी पैसे घालू नका.

दुकानात जाताना पर्समध्ये दोन गोष्टी न्या. एक, तुम्हीच केलेलं आणि बरोबर छापलेलं एक पाऊच. दुसरी, पेनड्राइव्हमध्ये त्याच पाऊचची फाइल आणि एक साधी पिवळ्या रंगाची पूर्ण स्क्रीनभर इमेज. ती लावा, खुर्चीत बसून बघा, उभं राहून बघा, डावीकडनं बघा. पिवळा जागच्या जागी राहिला पाहिजे. उभं राहिल्यावर तो हिरवट किंवा पांढुरका पडत असेल तर दुसरा दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. दुकानदार जरा वैतागेल, वैतागू दे, पुढची पाच वर्षं डोळे तुमचे जाणार आहेत.

घरी आणल्यावर मॉनिटरच्या मेनूत कलर टेंपरेचर ६५०० के किंवा एसआरजीबी मोड, गॅमा २.२, आणि ब्राइटनेस खाली. १०० वर ठेवून काम केलं की छापलेलं सगळं काळपट वाटतं, मग प्रेसवाल्याशी भांडण. टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाएवढाच उजळ दिसेल इतपत ब्राइटनेस उतरवा, यंत्र नसेल तर एवढं तरी होतं. यंत्र म्हणजे कॅलिब्रेटर, स्पायडर वगैरे, स्क्रीनवर लटकवायचं आणि ते रंग मोजून प्रोफाइल करून देतं. एकट्यानं घेण्यापेक्षा ओळखीच्या चार डिझाइनरांनी मिळून घ्यावं, महिन्यातनं एकदाच तर लागतं.

आता खरं बोलायचं तर एवढं करूनही स्क्रीन आणि कागद शंभर टक्के जुळणार नाहीत, कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि कागद शाईनं. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि वाय दाबलं की छापल्यावर साधारण कसं दिसेल ते दाखवतं, ती सवय लावा, पण त्याला प्रेसचं प्रोफाइल बरोबर निवडलेलं पाहिजे. आणि माझा सगळ्यात भरवशाचा उपाय कॉम्प्युटरच्या बाहेरचा आहे. पुढच्या जॉबला प्रेसवाल्यांना विनंती करून शीटच्या कडेला जी जागा वाया जाते तिथं पट्ट्या छापून घ्या, पिवळा १०० ठेवायचा आणि मॅजेंटा १०, १५, २०, २५, ३०, ३५, ४०, प्रत्येक पट्टीखाली आकडा. ते कात्रण मॉनिटरच्या कडेला चिकटवा. गिऱ्हाईक आलं की स्क्रीन दाखवायचीच नाही, कात्रणावर बोट ठेवायला सांगायचं. माझ्याकडं असं कात्रण सात वर्षं टेबलाच्या काचेखाली आहे, आर्टपेपरचं वेगळं आणि पाऊचच्या फिल्मचं वेगळं, कारण त्याच शाईचा पिवळा दोन्हीवर वेगळा बसतो.

बाकीची यादी आता पटापट सांगतो. प्रोसेसर इंटेलचा आय५-१२४०० किंवा त्याच्या पुढचा १३४००, १४४००, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सगळे तुमच्या कामाला भरपूर होतात. इंटेल घेताना नंबरामागं "एफ" नको, १२४००एफ मध्ये प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स नसतं, कार्ड न घेता तो घेतला तर स्क्रीनच चालू होणार नाही. एफवाला थोडा स्वस्त म्हणून दुकानदार पुढं करतात. कोरल तर असंही बहुतेक काम एकाच कोअरवर ओढतं, १६ कोअरचा प्रोसेसर घेऊन त्यातले १५ बसून राहणार. मदरबोर्ड बी७६० किंवा एएमडी असेल तर बी५५०, रॅमचे चार स्लॉट असलेला. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, १६ ची एक नको, कारण दोन पट्ट्यांनी मेमरीचे दोन्ही रस्ते चालू होतात आणि आतलं ग्राफिक्स रॅमच वापरत असल्यामुळं त्याला फरक चांगला जाणवतो. भाव उतरले की उरलेल्या दोन स्लॉटमध्ये आणखी घाला. एसएसडी एनव्हीएमई (मदरबोर्डावर थेट बसणारी वेगवान) १ टीबी, अगदीच ओढाताण असेल तर ५००. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, ८० प्लस ब्राँझ, ५५० वॅट, चांगल्या कंपनीची. कॅबिनेटबरोबर फुकट येते ती ४५० वॅट लिहिलेली पत्र्याची डबी घेऊ नका, ती गेली की एकटी जात नाही. कॅबिनेट पुढं जाळी आणि धुळीचा फिल्टर असलेलं, मार्केट यार्डाजवळ राहता म्हणजे हवेत काय उडतंय ते तुम्हाला सांगायला नको, महिन्याला फिल्टर धुवा, पिवळं पाणी निघेल.

जोडून झालं की दुकानातनं उठायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघा. ३२०० ची रॅम घेतली असेल तर तिथं ३२०० दिसलं पाहिजे, बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वर चाललेली असते, कारण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगानं चालवायचं बटण) चालू करायचं राहून गेलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे, तिथल्या पोराकडनं करून घ्या. आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, कच्च्या बिलावर वॉरंटी मागायला गेलं की ओळखत नाहीत.

कार्ड? सहा महिने काम करा, अडलं तर घ्या, स्लॉट कुठं पळून जात नाही.

प्रश्न : कुपवाडला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. आय५, १६ जीबी रॅम, तरी १० बाय २० चा वाढदिवसाचा बोर्ड फोटोशॉपमध्ये करायला घेतला की सगळं अडकतं, सेव्ह करताना तर चहा पिऊन यावं लागतं. दुकानदार म्हणतो कार्ड टाका. तुम्ही म्हणता कार्ड नको. नक्की कोणाचं ऐकू?

उत्तर : कोणाचंच ऐकू नका, हिशोब करू. १० बाय २० फूट म्हणजे १२० बाय २४० इंच. ७२ रिझोल्यूशननं, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल, केलं तर ८,६४० बाय १७,२८० पिक्सेल, म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येकाला ४ बाइट, एक पूर्ण लेयर झाला साधारण ६०० एमबी. आता बोर्डावर बॅकग्राऊंड, त्यावर उजेडाचे किरण, त्यावर धूर, मध्ये दादा, दोन्ही बाजूला शुभेच्छुक चाळीस जण. लेयर अर्धे अर्धे धरले तरी १६ जीबी कुठं जाते ते दिसलं का?

आणि मला दाट शंका आहे की तुम्ही ७२ वर पण करत नाही, ३०० वर करता. तसं असेल तर एका लेयरला १० जीबी, आणि फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढं जात नाही, ती मग पीएसबी म्हणून सेव्ह करावी लागते. फाइलच्या नावामागं पीएसबी दिसत असेल तर रोग तिथंच सापडला. ३०० हे हातात धरून वाचायच्या कागदासाठी, चौकातला बोर्ड लोक तीस फुटावरनं, ते पण गाडीवरनं बघतात. ७२ पुरतं, मोठ्या बोर्डाला त्याच्या निम्मं केलं तरी कोणाला कळत नाही. अक्षरं फोटोशॉपमध्ये करूच नका, फोटो तिथं करून कोरलमध्ये आणा आणि नावं तिथं टाका, अक्षर धारदार राहतं आणि फाइल हलकी. चाळीस शुभेच्छुकांत एकाचं नाव चुकलं तर बदलायला पण सोपं, आणि चुकतंच.

रॅम ३२ करा, हा खर्च वसूल होणारा आहे. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क एसएसडीवर द्या आणि तिथं १०० जीबी मोकळी ठेवा. रॅम संपली की फोटोशॉप त्या जागेत पसरतं, ती जर जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तुमचा चहा तिथंच होतोय, साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडदोनशे एमबी लिहिते, एनव्हीएमई हजारांत. प्रेफरन्समध्ये हिस्टरी स्टेट्स ५० असतील तर २० वर आणा. हे सगळं करून मग सांगा कार्ड लागतंय का.

प्रश्न : दादा, मी साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतो, सीझन नसताना कास, ठोसेघरला प्री-वेडिंग. एका लग्नाचे तीन हजार रॉ फोटो (कॅमेऱ्यातनं जसेच्या तसे आलेले, मोठ्या फाइलचे) असतात, लाइटरूम वापरतो. हॉलमधल्या अंधारातल्या फोटोंना डीनॉइज (फोटोतले दाणे घालवायचं) लावलं की एका फोटोला पाच-सात मिनिटं लागतात. मला पण कार्ड नको म्हणणार का?

उत्तर : नाही, तुम्हाला घ्या म्हणणार. लाइटरूम क्लासिकमध्ये एआयवालं डीनॉइज एप्रिल २०२३ ला आलं आणि ते जवळपास पूर्ण ग्राफिक कार्डावर चालतं. आतल्या ग्राफिक्सवर त्याला मिनिटं लागतात, एनव्हिडियाच्या बऱ्या आरटीएक्स कार्डावर तेच काम सेकंदांत होतं. दोनशे फोटोंना लावायचं म्हटलं तर हा फरक म्हणजे एक दिवस-रात्र आणि एक जेवण एवढा आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं मिळालं तर छान, नाहीतर ४०६० ८ जीबी. एसएमपीएस कमजोर असेल तर ३०५० चं ६ जीबीवालं येतं, त्यातल्या बहुतेकांना वेगळी पॉवरची वायर लागत नाही, ३०६० एवढं पळणार नाही पण आजच्यापेक्षा कितीतरी बरं. बसवल्यावर एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका, गेमवाला नको. आणि मॉनिटरची केबल कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. हसू नका, माझ्याकडं "कार्ड घेऊन काही फरक पडला नाही" म्हणून मशीन घेऊन आलेल्यांमध्ये निम्म्यांची केबल जुन्याच जागी होती.

पण डीनॉइज सोडलं तर तुमचा खरा वेळ कशात जातो ते घड्याळ लावून बघा. बहुतेक तीन हजारांतनं आठशे निवडण्यात जात असणार, आणि तिथं कार्ड काही करत नाही. रॉ फोटो हार्ड डिस्कवर राहू देत, पण लाइटरूमचा कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू एसएसडीवर पाहिजेत. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कॉपी करतानाच स्मार्ट प्रिव्ह्यू करायला टिक करा, त्या २५६० पिक्सेलच्या हलक्या कॉप्या असतात, फोटो सरसर सरकतात, मूळ डिस्क काढून ठेवली तरी एडिटिंग चालतं. रॅम ३२. अल्बमचं १२ बाय ३६ चं एक शीट ३०० रिझोल्यूशनला लेयरमागं ११५ एमबीच्या वर जातं, आणि अल्बमवाले एका वेळी चार शीटं उघडून बसतात.

मॉनिटरचं वर ताईंना सांगितलंय ते तुम्हालाही. कासच्या तेरड्याचा गुलाबी बघायला फार चांगला रंग आहे, पण तो नवरीच्या गालावर आला की घरचे अल्बम परत पाठवतात.

प्रश्न : मी तासगावचा, कॉलेजला आहे, डिझाइन शिकतोय. बजेट २५ हजार, सगळं धरून. कंपन्यांतले वापरलेले डेल, एचपीचे डबे स्वस्तात मिळतात, घेऊ का? मित्र म्हणतो जुना माल घेऊन फसशील.

उत्तर : घे. २५ हजारात नवं घेऊन जे हातात येईल त्यापेक्षा तीन वर्षं ऑफिसात एक्सेल चालवलेला डबा बरा. फक्त पिढी बघून घे. इंटेलची आठवी किंवा पुढची, म्हणजे आय५-८५०० वगैरे, त्यात सहा कोअर असतात. चौथ्या, सहाव्या पिढीचे डबे फार स्वस्त दिसतात, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यांच्यावर अधिकृतपणे बसत नाही. तेच डबे आता बाजारात जास्त आलेत, कारण कंपन्यांनी ते त्याचसाठी काढलेत.

दोन खोडी आहेत या डब्यांत. एक, एसएमपीएस आणि मदरबोर्ड कंपनीच्याच मापाचे, उद्या एसएमपीएस गेली तर बाजारातली कुठलीही बसत नाही. दोन, अंगानं बारीक डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही. म्हणून उभा टॉवर मिळाला तर तो बघ. रॅम १६ कर, एसएसडी नवीन घाल, जुनी घेऊ नकोस, आणि उरलेले सगळे पैसे नव्या आयपीएस मॉनिटरला. डबा दोन वर्षांनी बदलशील, मॉनिटर तोच राहील. सॉफ्टवेअर क्रॅक मारून दिलेलं घेऊ नकोस, दुकानदार प्रेमानं देतात आणि त्यातनं काय काय येतं ते त्यांनाही माहीत नसतं. शिकायला इंकस्केप, क्रिता, गिंप आहेत, गिंपची ३.० आवृत्ती २०२५ ला आली ती बरीच सुधारलीय, आणि ॲफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालंय, त्यात मात्र आपली जोडाक्षरं नीट पडतात का ते आधी चार ओळी टाइप करून बघ.

प्रश्न : नवा कॉम्प्युटर घेतला, इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन पडते, जोडाक्षरं फुटतात. मशीनमध्ये फॉल्ट आहे का? (वाई)

उत्तर : मशीन निर्दोष आहे. पॅराग्राफच्या पॅनलच्या मेनूत कंपोजर असतो, तिथं "वर्ल्ड-रेडी" किंवा "मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन" लिहिलेला निवडा, वेलांटी जागेवर येईल. फॉन्ट युनिकोड घ्या, 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचे मुक्ता, बलू हे फुकट आहेत, आणि मराठी वळणाचा ल, श पाहिजे असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइल असतील तर तिचे जुने फॉन्ट काढून टाकू नका, नाहीतर दहा वर्षांपूर्वीची पत्रिका उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते कंस आणि टिंबं दिसतील.

प्रश्न : कराडहून लिहितो. नवीन पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, अनवाणी असलो तर चांगला झटका बसतो. दुकानदार म्हणतो "तेवढं असतंय". आणि यूपीएस किती मोठा घ्यावा, आमच्याकडं लाईट सारखी येते-जाते.

उत्तर : तेवढं नसतंय. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात आणि तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जाणं अपेक्षित असतं. अर्थिंग नसलं तर तो तुमच्यातनं जातो. म्हणजे बहुतेक घरचं अर्थिंग गेलंय किंवा बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, तोवर अनवाणी बसू नका आणि तीन पिनची पिन मोडून दोन पिनची करू नका.

यूपीएसचं म्हणाल तर कार्ड नसलेल्या मशीनला ६०० व्हीएचा पुरतो, तो साधारण ३६० वॅट देतो, फाइल सेव्ह करून बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळतात. कार्ड असेल तर १ केव्हीए. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, ती तारीख यूपीएसच्या पाठीवर मार्करनं लिहून ठेवा.

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचा स्टुडिओ आहे. २०१९ च्या पुरात मशीन वर नेली पण हार्ड डिस्कचं कपाट खाली राहिलं, पंधरा वर्षांचे फोटो गेले. आता नवीन पीसी करतोय, त्यात दोन डिस्क टाकून एकमेकांची कॉपी ठेवली तर भागेल का?

उत्तर : वाचून वाईट वाटलं. गावभागात, मारुती चौकात त्या ऑगस्टला काय काय वाहून गेलं ते आम्ही पण बघितलंय, माझ्या एका ओळखीच्यांच्या पत्रिकांच्या प्लेटा आयर्विन पुलाच्या बाजूला चिखलात सापडल्या होत्या.

एकाच कॅबिनेटमध्ये दोन डिस्क ठेवून भागणार नाही. एक डिस्क खराब झाली तर दुसरी उपयोगी पडेल, पण पाणी, आग, चोर, आणि चुकून केलेलं डिलीट या चौघांना दोन्ही डिस्क एकदमच सापडतात. कॉपी तीन पाहिजेत, एक मशीनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरात. विश्रामबागेत किंवा मिरजेत कोणी नातेवाईक वरच्या मजल्यावर राहत असेल तर तिथं. क्लाऊडवर ठेवायचं तर सगळे रॉ नको, निवडलेले आणि एडिट केलेले जेपीईजी ठेवा, तेवढं महिन्याच्या पैशात बसतं.

बाहेरच्या डिस्क दोन घ्या आणि आलटूनपालटून वापरा. एक तुमच्याकडं, एक तिकडं, महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. प्रत्येक अदलाबदलीला कुठलं तरी एक जुनं लग्न उघडून बघा, नुसतं फोल्डरचं नाव बघून परत ठेवू नका. डिस्क नुसती कपाटात ठेवली की कधी बंद पडली ते कळत नाही. आणि ज्यांच्याकडं ठेवाल त्यांना सांगून ठेवा की यात काय आहे, माझ्या मावशीनं एकदा माझी डिस्क मोबाईलचं चार्जर समजून भाच्याला देऊन टाकली होती.